अठरा जानेवारी पुन्हा उजाडली तर

१८ जानेवारी १९८२ चा दिवस पुन्हा हाती आला, तर तुम्ही संपावर जाल का?

या एका प्रश्नाला मिळालेली उत्तरं म्हणजे हे पुस्तक. उत्तरं देणारी माणसं मुंबईच्या कापडगिरण्यांत राबलेली, किंवा राबणाऱ्यांच्या घरात वाढलेली. कोणी लालबागच्या चाळीत त्याच खोलीत अजून राहतं, कोणी मुलांबरोबर विरार-बदलापूरला गेलं, आणि बरेच जण सिंधुदुर्गात, साताऱ्याकडे, जुन्नर-आंबेगावला कायमचे परतले. प्रश्न विचारणारी मुलं-मुली त्यांच्या नातवंडांच्या वयाची. संपाच्या वेळी त्यांचे आईवडीलच शाळेत होते.

हा प्रश्न क्रूर आहे. गेली चाळीस वर्षं गिरणी कामगाराला तो इतरांनीच विचारला आणि विचारतानाच उत्तरही देऊन टाकलं. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "संप केला नसता तर तुमच्या गिरण्या आज चालू असत्या." ऐकणारा म्हातारा खाली बघतो. त्याचं गप्प बसणं ही कबुली आहे असं समजून लोक पुढच्या विषयाकडे वळतात. माझे वडील विणाई खात्यात होते आणि हे खाली बघणं मी घरात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तेव्हा हाच प्रश्न एकदा नीट समोर बसून, चहा संपेपर्यंत थांबून, उत्तर ऐकायच्या तयारीने विचारला जायला हवा होता. या मुलांनी तो तसा विचारला म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला हो म्हटलं.

ज्यांनी गिरणीचा भोंगा कधी ऐकला नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. लोक त्या सगळ्या मुलखाला गिरणगाव म्हणू लागले. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं गावमंडळाच्या खोलीत उतरायची. एका खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसं, एकाने पथारी गुंडाळली की दुसऱ्याने पसरायची. जेवण खानावळीत. सूत कातायचं त्रासन, कापड विणायची विणाई अशी खाती, त्यांच्यावर जॉबर आणि मुकादम, आणि सगळ्यांच्या खाली बदली कामगार. बदलीवाल्याने रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नाही तर त्या दिवसाचं काम मिळणार, नाहीतर तसंच परत. अशी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गेटवर काढलेली माणसं या पुस्तकात भेटतील.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका शहरातल्या एका उद्योगात एकच युनियन प्रातिनिधिक मानली जाई आणि मालकांशी बोलणी करण्याचा हक्क तिलाच. गिरण्यांमध्ये ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. संघाने मान्य केलेला बोनस अनेक गिरण्यांतल्या कामगारांना मान्य नव्हता, पण त्यांच्या नाराजीला कायद्यात जागाच नव्हती. तेव्हा कामगार चालत घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारी गेले. सामंत मूळचे खरोखरच डॉक्टर. घाटकोपरच्या खाणकामगारांमध्ये दवाखाना चालवता चालवता ते कामगार चळवळीत आले होते आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीची चर्चा चाळीचाळीत होती. गिरणगावात आजही त्यांचा उल्लेख कोणी नावाने करत नाही, नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. १८ जानेवारी १९८२ पासून बेमुदत संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदलीवाल्यांना कायम करण्याच्या होत्या, आणि तो १९४६ चा कायदा बदलण्याचीही मागणी होती.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. खरी अडचण तिथेच आहे.

त्या सकाळी कामगारांना काय माहीत होतं, ते आधी पाहू. १९७४ चा संप ४२ दिवसांत मिटला होता, तो बहुतेकांनी स्वतः केलेला. १९५० च्या संपाच्या गोष्टी वडिलांकडून ऐकलेल्या, तो दोन महिने चालला. म्हणजे संप लांबला तर किती लांबेल याचा हिशेब त्यांच्याकडे होता आणि तो हवेतला नव्हता. या पुस्तकातले कितीतरी जण जवळजवळ एकाच शब्दांत सांगतात की शिमग्याला गावी जाऊन यायचं, तोवर मिटेल. घरात दोन महिन्यांचं धान्य भरलं, दुकानदाराला सांगून ठेवलं, गावाला पत्र टाकलं. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. संप दीड वर्षाहून जास्त चालेल आणि लाखाहून अधिक माणसं कायमची कामाबाहेर फेकली जातील, ही माहिती १८ जानेवारीला जगात कुणाकडेच नव्हती.

बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकिकत वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला नाही, काहींना वेगवेगळे शेवट सांगितले, कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे जिंकले. मग विचारलं, तुम्हाला निकाल माहीत नसता तर काय होईल असं वाटलं असतं? ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच आधीपासून उघड दिसत होता. निकाल कळला की तो पहिल्यापासून ठरलेलाच होता असं मन धरून चालतं, आणि आपण असं करतो आहोत हे त्याला कळतही नाही. संपाबद्दल पंगतीत बोलणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला शेवट माहीत असतो, एवढंच. पण कामगारालाही आता शेवट माहीत आहे आणि तोही १८ जानेवारीकडे त्या शेवटातूनच बघतो. या मुलाखतींत सगळ्यात अवघड काम हेच होतं: बोलणाऱ्याला त्या सकाळच्या अज्ञानात परत नेणं. मुलाखत घेणाऱ्या मुलांनी त्यासाठी एक चांगली युक्ती केली. संपाबद्दल विचारायच्या आधी त्यांनी प्रत्येकाला त्या सकाळी घरात काय शिजलं होतं ते विचारलं. उत्तर द्यायला माणसं हळूहळू स्वयंपाकघरातून आत शिरली आणि मग दारातून गेटकडे गेली.

जर-तरचा नाद मराठी माणसाला जुना आहे. पानिपत जिंकलो असतो तर, हा खेळ आपण पिढ्यान् पिढ्या खेळतो. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तर एक इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतो, जिथे विश्वासराव थोडक्यात बचावले आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. कथा मला फार आवडते. पण ती ज्या बिजागरीवर फिरते तशी एकच बिजागरी संपाला सापडत नाही. रणांगणात एक गोळी चुकवता येते. अडीच लाख माणसांनी आपापल्या खोलीत, आपापल्या बायकोशी बोलून किंवा न बोलता घेतलेला निर्णय कुठे धरून फिरवायचा? एकजण त्या सकाळी कामावर गेला असता तर फरक काहीच पडला नसता, फक्त तो एकटा पडला असता. बदली कामगारांनी ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट मांडली आहे. मुळात ज्यांच्या हाती ठरवण्यासारखं थोडंच होतं, त्यांना ठरवणं म्हणजे काय ते नीट कळतं.

संप झाला नसता तर गिरण्या राहिल्या असत्या का? याचं उत्तर द्यायला कल्पनाशक्ती लागत नाही, अहमदाबादला जाऊन पाहिलं तरी पुरे. तिथे गांधीजींच्या परंपरेतलं मजूर महाजन होतं, समझोत्याची जुनी रीत होती आणि मुंबईसारखा संप झाला नाही. तरीही १९८० आणि ९० च्या दशकांत तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्या कामगारांचं पुढे काय झालं ते बारकाईने नोंदवलं आहे. हातगाडी, रिक्षा, फुटकळ रोजंदारी. वाचताना लालबागचीच माणसं आठवतात. कारणंही सारखी होती. यंत्रसामग्री जुनाट, मिळालेला नफा गिरणीत परत न घालण्याची सवय, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कितीतरी स्वस्तात निघणारं कापड. मुंबईत आणखी एक कारण होतं, जमीन. सुमारे सहाशे एकर गिरण्यांची जागा, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ती विकसित करायची वाट मोकळी केली, त्यात एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी जायची होती. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त रिकाम्या जागेपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो अर्थ कायम झाला. लोअर परळचे टॉवर त्यानंतर भराभर वर गेले.

म्हणजे गिरण्या जायच्याच होत्या. हे मी ठामपणे म्हणते. पण एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. गिरणी १९८२ ला गेली काय आणि १९९५ ला गेली काय, अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीचा फरक. घरात तेरा वर्षांचे पगार. त्या तेरा वर्षांत थोरलीची बारावी होते, धाकट्याचं आयटीआय होतं, खोलीचं भाडं चुकत नाही, गावच्या घरावर कौलं चढतात. इतिहास बदलला नसता हे खरं असलं तरी एका घराचं खूप काही बदललं असतं, हेही तितकंच खरं आहे. या पुस्तकातल्या माणसांना दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत आणि ती एकाच वाक्यात दोन्ही बोलतात. त्यांच्या उत्तरांत विसंगती शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता उत्तरांबद्दल.

काहींनी सरळ सांगितलं, नाही, जाणार नाही. त्यात एक जॉबर आहेत, संपाच्या वेळी निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेले. "डॉक्टरांना आमच्यात आणायलाच नको होतं," असं ते म्हणतात. १९७४ ला कुठे थांबायचं ते पुढाऱ्यांना कळलं होतं, यावेळी कळलं नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांची मुलाखत पुस्तकात पूर्ण छापली आहे आणि ती सावकाश वाचावी. आपल्याकडे कामगार चळवळीवर प्रेम करणारे लोक असं काही ऐकलं की कान बंद करतात. त्या माणसाची हयात गिरणीत गेली होती, त्याच्या रागाला हक्काची जागा हवी.

पण बहुतेकांचं उत्तर वेगळं आलं. संपावर जाऊ. पुन्हा जाऊ. हे आज म्हणायला सोपं आहे, अशी शंका येईल, तर एक जुनी नोंद तपासून बघावी. डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, दक्षिण मध्य मुंबईतून दत्ता सामंत निवडून आले. संप सुरू होऊन तोवर तीन वर्षं होत आली होती. भांडी विकून झाली होती, मुलं कामाला लागली होती, अनेकांना कळून चुकलं होतं की आता गेटच्या आत जाणं नाही. त्यांनी त्या परिस्थितीत मतपेटीतून हे उत्तर दिलं. पश्चात्तापाने पोळलेल्या माणसांचं मतदान असं होत नाही.

आणि तरीही या सगळ्यांना मागे जाऊन काहीतरी बदलायचं आहे. इथे हे पुस्तक मला थांबवतं.

कणकवलीजवळच्या एका वाडीत गिरणीत राबलेले एक आजोबा भेटले. त्यांच्या अंगणातल्या बाकावर बसून ही मुलं त्यांच्याशी दोन तास बोलली. सूत तुटल्यावर कसं जोडायचं ते दाखवायला त्यांनी लुंगीच्या काठातून दोरा उपसला, तोडला आणि दोन बोटांत असा काही फिरवला की डोळ्याला काही दिसायच्या आत तो जोडला गेला होता. मुलीने पुन्हा दाखवायला सांगितलं, तिने मोबाइलवर ते चित्रित केलं, संथ करून पाहिलं तरी कळलं नाही. आजोबा खूश झाले. मग तिने मुख्य प्रश्न विचारला. ते म्हणाले, "संप केलो तो बरोबरच केलो. पन चेडवाक शाळेतसून काडूक नको होतां." संपाच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी सातवीतल्या मुलीला शाळेतून काढून गावी धाडलं होतं. मुलग्याला नाही, मुलीला. त्या दिवसाबद्दल ते पुढे अर्धा तास बोलले. कोणत्या गाडीत बसवलं, तिच्याकडे कोणती पिशवी होती, तिने काय विचारलं. १८ जानेवारीबद्दल ते जेमतेम पाच मिनिटं बोलले होते.

अशी उत्तरं एकामागून एक येत जातात. माणसाला इतिहासाची तारीख बदलायची नसते. जिथे तो एकटा होता, कोणी हुकूम दिला नव्हता, आणि समोर आपलंच माणूस होतं, तो क्षण त्याला परत हवा असतो. संप हा सगळ्यांचा निर्णय, त्याचं ओझं सगळ्यांनी वाटून घेतलं. शाळेतून नाव काढणं वाटून घेता येत नाही.

खानावळवाल्या बायकांचा विभाग मी वाचकांना सगळ्यात आधी वाचायला सांगेन, पुस्तकात तो तिसरा असला तरी. गिरणगाव या बायकांच्या चुलीवर जगलं. घरचं करून पंधरा-वीस जणांचं जेवण रांधायचं, त्या जेवणाऱ्यांना 'मेंबर' म्हणायचं, आणि पैसे महिन्याच्या पगाराला. मारवाड्याकडून उधारीवर धान्य उचलायचं आणि पगार झाला की फेडायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. संपात पगारच थांबला, तेव्हा मेंबरांचं देणं थांबलं, पण भूक थांबली नाही. कामगारांच्या मतांवर पुस्तकं लिहिली गेली, या बायकांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही संपावर गेला असता का. त्या संपावर जाऊच शकत नव्हत्या.

साताऱ्याकडच्या एक मावशी आहेत. चार महिने त्यांनी सगळ्या मेंबरांना उधारीवर जेवू घातलं, गळ्यातलं गहाण टाकून. मग एक दिवस हिशेब करून त्यांनी निम्म्यांना नाही सांगितलं. त्यात त्यांच्याच गावचा एक बदलीवाला पोरगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. ज्यांचं घर गावाकडे खातंपितं आहे त्यांना आधी बंद करायचं, असा त्यांनी नियम केला होता, आणि तो पोरगा त्या नियमात बसत होता. नियम योग्य होता, हे त्या आजही सांगतात. "पण मी त्याला दारातच सांगितलं. आत बोलावून, ताट वाढून सांगायला हवं होतं." त्यांना निर्णय बदलायचा नाही, नियमही बदलायचा नाही. त्यांना फक्त सांगण्याची जागा बदलायची आहे, दारातून आत. तो पोरगा पुन्हा त्यांना भेटला नाही. चाळीस वर्षांनी एवढी नेमकी दुरुस्ती मागणाऱ्या बाईसमोर आपण कोण काय बोलणार.

जे संप चालू असताना कामावर परत गेले, त्यांची उत्तरं कमी आहेत. पोलिसांच्या बंदोबस्तात गेटच्या आत गेलेल्या माणसाला चाळीत पुढे काय काय सोसावं लागलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून बोलायला कोणी तयार होत नाही. एक गृहस्थ तयार झाले. मुलाखत सुरू झाली, प्रश्न आला आणि ते म्हणाले, "गेलो नसतो तर धाकटी वाचली नसती. औषधाला पैसे नव्हते." एवढं बोलून त्यांनी रेकॉर्डर बंद करायला सांगितला. पुस्तकात त्यांचं एवढंच आहे, एका कोऱ्या पानावर. संपाशी एकनिष्ठ राहिलेल्या माणसांनी ते पान वाचावं असं मला फार वाटतं. एकजुटीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे आपण तेव्हा मोकळेपणाने बोललो नाही.

पुढच्या पिढीने या प्रश्नाला आणखी एक वळण दिलं आहे. गिरणीत वडिलांच्या जागी मुलाला लावायची पद्धत होती. संप झाला नसता तर या मुलांतली कितीतरी जण आधी बदलीवर आणि मग कायम, अशी विणाई खात्यात गेली असती आणि गिरणी बंद पडली तेव्हा ऐन चाळिशीत रस्त्यावर आली असती. संपामुळे काहींनी लहान वयातच रिक्षा धरली, कोणी फुलांचा धंदा केला, काहींना गुन्हेगारीने ओढून नेलं, आणि काही शिकून शिक्षक झाले, बँकेत लागले. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात १९९७ साली असंच एक गिरणी कामगाराचं घर रंगभूमीवर आलं तेव्हा लालबागच्या प्रेक्षकांना त्यात आपल्या भावंडांची नावं घालता येत होती. शिक्षिका झालेली एक बाई या पुस्तकात म्हणते की वडिलांची नोकरी टिकली असती तर तिचं लग्न सतराव्या वर्षीच झालं असतं, कारण हुंड्याचे पैसे जमलेले होते. संपात ते पैसे खर्च झाले, लग्न लांबलं, ती रात्रशाळेत गेली. वडिलांचं दुःख आणि तिचं शिक्षण एकाच पैशातून निघालं. तिला विचारलं, ती सकाळ बदलशील का? ती म्हणाली, हे मला वडिलांसमोर विचारू नका.

या सगळ्यात एक मोठी पोकळी आहे आणि ती मी झाकणार नाही. हा प्रश्न ज्यांना विचारला गेला, त्यांच्या हाती त्या अठरा महिन्यांत सगळ्यात कमी सत्ता होती. ज्यांच्या हाती होती, त्यांना कोणी विचारत नाही. गिरणीमालकांनी बोलणीच न करण्याचं ठरवलं, तो दिवस ते बदलतील का? साठलेला माल संपात खपला आणि यंत्रमागावरून कापड विणून घेता आलं, म्हणून अनेकांना घाई नव्हती, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. केंद्र सरकारने १९८३ साली तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, पण संपाच्या पहिल्या महिन्यांत तडजोडीसाठी पुढाकार घेतला नाही, कारण हा संप जिंकू दिला तर बंदरात, गोदीत, सगळीकडे लाट जाईल ही भीती. ज्या मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ते ठरवलं, त्यांतल्या काहींनी पुढे आत्मचरित्रं लिहिली, मुलाखती दिल्या, सत्कार घेतले. त्यांच्या बाबतीत आपण 'तेव्हाची परिस्थिती' असं म्हणतो आणि कामगाराच्या बाबतीत 'तुमची चूक'. पुढचं पुस्तक त्यांच्या मुलाखतींचं व्हावं, आणि जे हयात आहेत त्यांच्याकडे लवकर जावं, असं मी या मुलांना आग्रहाने सांगितलं आहे.

मुलाखतींच्या शेवटी आणखी एक छोटा प्रश्न विचारलेला दिसेल: संप संपला कधी? संप अधिकृतपणे मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही, त्यामुळे इथे ज्याची त्याची तारीख आहे. कुणी म्हणतं पहिल्या दिवाळीला, कुणी आपली भांडी मोडीत घातली त्या दिवशी, कुणी १६ जानेवारी १९९७, डॉक्टरांचा खून झाला त्या सकाळी. काही जण म्हणतात, अजून संपलेला नाही. दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी गिरणी कामगारांना द्यायच्या सरकारी घरांसाठी अर्ज भरले, सोडती निघाल्या, पण घर मिळालेले थोडे आणि वाट बघणारे फार. अर्जाची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवणाऱ्या माणसाला भूतकाळातला क्षण बदलायचा का असं विचारणं कितपत रास्त आहे, हे वाचकांनी ठरवावं. त्याच्या दृष्टीने तो क्षण अजून चालू आहे.

संपादनाबद्दल थोडं. नावं बदललेली नाहीत, काढून टाकली आहेत. गिरण्यांची नावंही काढली आहेत. बोली जशी आली तशी ठेवली आहे, मालवणी असो की माणदेशी. चुकीच्या तारखा दुरुस्त केलेल्या नाहीत, कारण कुणी संप पावसाळ्यात सुरू झाला असं म्हणत असेल तर त्याच्या घरात तो तेव्हाच सुरू झालेला असतो. छापायच्या आधी प्रत्येकाला त्याची मुलाखत वाचून दाखवली. तेव्हा काहींनी आपलं उत्तर बदलून मागितलं. जाणार म्हणालेल्यांनी नाही म्हटलं, आणि त्या जॉबरकाकांनी, ज्यांचा राग मी वर सांगितला, थोडा वेळ घेऊन म्हटलं की सगळे जात असतील तर मीही जाईन, तेवढं लिहा. अशा ठिकाणी दोन्ही उत्तरं एकाखाली एक छापली आहेत, ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने.